तुकोबांची शिष्या

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वेरूळच्या लेण्यांच्या परिसरात, देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. ह्या गावी आऊजी कुलकर्णी आणि त्यांची पत्नी जानकी हे दांपत्य राहत असे. पुष्कळ दिवस त्यांना मूलबाळ नव्हते. पुढे 1628 साली त्यांना एक कन्या झाली. तिचे नाव बहिणा. हीच पुढे संत बहिणाबाई म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली.

येथे एक गोष्ट प्रथमच सांगून ठेवणे बरे. मराठी साहित्यात बहिणाबाई दोन आहेत. जात्यावरच्या ओव्यांतून शेताचे, पाखरांचे आणि मनाचे वर्णन करणाऱ्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्या अलीकडच्या. त्या 1951 साली निवर्तल्या. आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत त्या बहिणाबाई त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या, संत तुकारामांच्या शिष्या. वर्गात मुलांची ह्या दोघींविषयी हमखास गल्लत होते, म्हणून एवढा खुलासा केला.

बहिणेचे लहानपण इतर मुलींसारखे गेले नाही. सोबतच्या मुली भातुकली मांडीत, तेव्हा हिला देवाच्या नावाचा चाळा लागलेला असे. तो काळही कठीण होता. 1630 ते 1632 ह्या वर्षांत दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. अन्नावाचून माणसे आणि गुरे पटापट मेली. ह्याच दुष्काळाने देहू गावच्या एका तरुण वाण्याची पत्नी आणि मुलगा हिरावून नेला व त्याचे मन संसारातून उठले. तो वाणी म्हणजे तुकाराम. त्या वेळी देवगावची ही मुलगी नुकती बोलू लागली होती.

त्या काळच्या रूढीप्रमाणे बहिणेचे लग्न ती पाच वर्षांची होण्याच्या आतच उरकण्यात आले. वर शिऊर गावचा. आडनाव पाठक, व्यवसाय ज्योतिषाचा व भिक्षुकीचा, वय सुमारे तीस, आणि पहिली पत्नी वारलेली. पाठक वेदशास्त्र जाणणारे होते, आचारविचाराने कडक होते. मात्र त्यांचा स्वभाव अतिशय तापट होता. वडील आणि मुलगी ह्यांच्यात असावे एवढे अंतर ह्या पतिपत्नींत होते. आज असा विवाह कायद्याने गुन्हा ठरेल. तेव्हा मात्र त्यात कोणालाही वावगे वाटले नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी आऊजींच्या घरी संकट आले. भाऊबंदकीचे तंटे माजले, कर्ज डोक्यावर बसले, आणि अखेर सगळ्या कुटुंबाला रात्रीच्या अंधारात गाव सोडून निघावे लागले. वृत्ती गेली, घर गेले, मान गेला. जावई, सासूसासरे, नऊ वर्षांची बहिणा आणि तिचा भाऊ असा हा परिवार भिक्षा मागत दक्षिणेकडे चालू लागला. वाटेत पंढरपूर लागले, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव लागला. काही काळ ही मंडळी साताऱ्याकडे रहिमतपूरला राहिली आणि शेवटी कोल्हापुरास येऊन पोहोचली. पोरवयातल्या ह्या वणवणीतच बहिणेच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असावा. आपण कोणाचे काय वाईट केले, म्हणून हे आपल्या वाट्याला आले? वडीलधारी माणसे ह्याचे उत्तर एका शब्दात देत. तो शब्द म्हणजे कर्म. मागच्या जन्मी केले ते ह्या जन्मी भोगायचे; त्यावर बोलणे खुंटले. परंतु ज्याला खरोखर शंका पडली आहे त्याचे अशा उत्तराने समाधान होत नाही.

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या एका सज्जन ब्राह्मणाने ह्या कुटुंबाला आपल्या घरी आश्रय दिला. महालक्ष्मीचे ते क्षेत्र. तेथे पुराणे चालत, कीर्तने होत. जयरामस्वामी नावाचे कीर्तनकार तुकोबांचे अभंग गाऊन रसाळ निरूपण करीत. देहूच्या त्या वाण्याची वाणी अशा रीतीने इतक्या दूरवर पोहोचली होती. अकरा वर्षांची बहिणा एका कोपऱ्यात बसून ते अभंग ऐके आणि घरी येऊन मनात घोळवीत राही. शास्त्रग्रंथ वाचण्याचा अधिकार तिला कोणी दिला नव्हता. पण कानांवर पडणारी मराठी कोण अडवणार? जो माणूस दुष्काळात होरपळला, ज्याचे दिवाळे निघाले, ज्याला लोकांनी नावे ठेवली, तो इतक्या निर्भय आनंदाने कसा बोलतो, ह्याचे तिला नवल वाटे. आपल्या प्रश्नाचे उत्तर ह्या माणसापाशी असले पाहिजे, असे तिच्या मनाने घेतले.

ह्याच सुमारास बहिरंभटांनी आपली एक काळी गाय आणि तिचे वासरू पाठकांना दिले. त्या वासराला बहिणेचा विलक्षण लळा लागला. ती पाण्याला निघाली की ते तिच्या मागे, ती पुराणाला गेली की तेथेही तिच्या मागे. तिने चारा घातला तरच खाई, तिने पाणी दाखवले तरच पिई. एका एकादशीला जयरामस्वामींच्या कीर्तनास अलोट गर्दी लोटली होती. बहिणेबरोबर वासरूही आत शिरले. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढले, तेव्हा ते दाराशी उभे राहून हंबरू लागले आणि इकडे बहिणा रडू लागली. स्वामींच्या कानी ही गोष्ट जाताच त्यांनी वासराला आत आणविले, त्याच्या व बहिणेच्या मस्तकावरून हात फिरविला आणि दोघांनाही जवळ बसवून घेतले.

गावात ह्या गोष्टीचा बोभाटा झाला. कोणी कौतुक केले, कोणी तिखटमीठ लावून पाठकांना सांगितले. आपल्या पत्नीने भर सभेत असे वागावे आणि लोकांनी तिच्याकडे बोट दाखवावे, हे त्या कर्मठ माणसाला सहन झाले नाही. त्यांनी तिला केस धरून मारले आणि हातपाय बांधून टाकून ठेवले. आईवडील तेथेच होते; त्यांचे काही चालले नाही. जनावरांनी मात्र आपले दुःख आपल्या परीने प्रकट केले. गाय चारा खाईना, वासरू पाणी पिईना. शेवटी बहिरंभटांनी मध्ये पडून तिला सोडविले. परंतु वासराने जे अन्नपाणी टाकले ते टाकलेच. थोड्याच दिवसांत ते बहिणेच्या मांडीवर डोके ठेवून मरण पावले.

पतीच्या ह्या वर्तनाची सारवासारव करण्याचे कारण नाही. जुन्या चरित्रकारांनी ह्याला पूर्वकर्माचे फळ म्हणून सोडून दिले आहे. पण मारणारा हात पूर्वजन्मीचा नव्हता, तो त्याच घरातल्या माणसाचा होता. बहिणाबाईंनीही आपल्या आत्मकथनात ही हकीकत लपवून ठेवलेली नाही, हे त्यांचे धैर्य होय.

वासराच्या मृत्यूनंतर बहिणा शुद्ध हरपून काही दिवस निपचित पडून होती. डोळ्यांपुढे पंढरीचा विठ्ठल आणि कधी न पाहिलेले तुकोबा एवढेच तिला दिसत. अशा अवस्थेत तिला स्वप्न पडले. तुकोबांनी जवळ येऊन तिच्या मस्तकावर हात ठेवला व कानात मंत्र सांगितला. हा प्रसंग 1640 सालचा, कार्तिक महिन्यातला, असे मानतात. तुकोबांना स्वतःलाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य ह्यांच्याकडून उपदेश मिळाला तो स्वप्नातच. आदिनाथांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत आणि पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी व तुकोबा अशी आलेली गुरुपरंपरा बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत क्रमाने सांगितली आहे. त्या परंपरेच्या शेवटी त्यांनी आपले नाव जोडले. ते जोडण्यासाठी त्यांना कोणाची अनुमती विचारावी लागली नाही.

शुद्धीवर आल्यावर तिचे दुःख ओसरले, पण घरातले वादळ वाढले. मुलीला स्वप्नात गुरू भेटला ही वार्ता पसरली आणि लोक तिला पाहायला येऊ लागले. पाठक संतापले. आपण वेदपाठी ब्राह्मण. आणि आपली पत्नी एका शूद्र वाण्याला गुरू मानते! शिवाय आपल्याला कोणी विचारीत नाही आणि हिच्या दर्शनाला माणसे येतात, हे शल्य वेगळेच. पत्नीला टाकून आपण वनात निघून जावे, असा त्यांनी निश्चय केला. आता बहिणेसमोर खरा पेच उभा राहिला. पती निघून गेला तर त्या काळात स्त्रीला समाजात उभे राहायला जागा नव्हती. गुरूला सोडले तर जगण्यात अर्थ उरत नव्हता. तिने पतीशी भांडण मांडले नाही, आणि तुकोबांचे नावही सोडले नाही. एवढीशी मुलगी ती, पण ह्या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी निभावल्या.

घर सोडण्याच्या वेळीच पाठक आजारी पडले. ताप हटेना, औषध लागू पडेना. बहिणा रात्रंदिवस उशाशी बसून होती. दुखणे बरे होता होता त्या तापट माणसाच्या अंतःकरणात पालट झाला. जिला आपण बांधून मारले तिनेच आपल्याला मरणाच्या दारातून परत आणले, हे त्यांना दिसत होते. ज्या तुकोबांची आपण निंदा केली त्यांना एकदा डोळ्यांनी पाहावे, असे त्यांना वाटू लागले. बरे होताच ते स्वतः सर्वांना घेऊन देहूच्या वाटेला लागले. दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतराची ती पायवाट. बरोबर ती काळी गायही होती.

देहूला इंद्रायणीच्या काठी विठ्ठलमंदिरात ही मंडळी पोहोचली तेव्हा तुकोबा आरती करीत होते. बहिणेने स्वप्नात पाहिलेली मूर्ती तीच. पुढे कित्येक दिवस ह्या कुटुंबाने मंदिराच्या आवारातच मुक्काम ठेवला. दिवसा कथा, रात्री कीर्तन, असा क्रम चालू राही. तुकोबांना प्रत्यक्ष पाहून, त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकून ज्यांनी लिहून ठेवले अशी माणसे थोडी. त्यांपैकी बहिणाबाई एक. म्हणूनच तुकोबांचे चरित्र अभ्यासणाऱ्या पंडितांनाही बहिणाबाईंच्या अभंगांकडे वळावे लागते.

देहूत मंबाजी गोसावी नावाचे एक मठकरी राहत. ह्या ब्राह्मण कुटुंबाने आपले शिष्य व्हावे अशी त्यांची इच्छा होती. शूद्राला गुरू करणाऱ्यास वाळीत टाकू, अशी धमकी त्यांनी दिली. पुण्याच्या एका प्रतिष्ठित गोसाव्याकडे पत्र धाडून तुकोबांविरुद्ध तक्रारही केली. एवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी पाठकांची गाय चोरून नेऊन कोंडून ठेवली आणि तिला निर्दयपणे झोडपले. ती गाय सापडली तेव्हा तिच्या अंगावरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटलेले दिसले, असे बहिणाबाई सांगतात. ह्याला कोणी चमत्कार म्हणेल, कोणी म्हणणार नाही. दुसऱ्याचा मार आपल्या पाठीवर झेलणारा माणूस बहिणाबाईंना देहूत भेटला, एवढे मात्र खरे. येथे दोन गुरूंमधला फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. मंबाजी शिष्य मिळविण्यासाठी धाक घालीत होते. तुकोबांनी ह्या कुटुंबाला बोलावलेसुद्धा नव्हते. आणि आल्यावर त्यांच्याकडून काही घेतलेही नाही.

देहूच्या वास्तव्यातच बहिणाबाईंना काशी नावाची मुलगी झाली. पुढे विठोबा नावाचा मुलगाही झाला. तुकोबांच्या सहवासात बहिणाबाईंना कविता स्फुरू लागली आणि आयुष्यभर त्या अभंग रचीत राहिल्या.

लहानपणी पडलेल्या प्रश्नाचे काय झाले? कर्माचा विचार आपल्या परंपरेत तीन प्रकारांनी करतात. शेतकऱ्याच्या घरचे उदाहरण घेतले म्हणजे तो सहज कळेल. कणगीत साठवून ठेवलेले धान्य ते संचित. पूर्वी केलेल्या सर्व कर्मांचा साठा. त्यातले जे पेरले गेले आणि शेतात पीक होऊन उभे राहिले ते प्रारब्ध. ते जसे आले तसे कापावेच लागते, बाजरी पेरून गहू कापता येत नाही. आणि आज मुठीत धरलेले बियाणे ते क्रियमाण; ते काय असावे, कोठे टाकावे, हे आपल्या हाती आहे. लोक कर्म म्हणताना फक्त उभ्या पिकाकडे पाहतात आणि कपाळाला हात लावून बसतात. मुठीतले बियाणे त्यांना दिसत नाही. बहिणाबाईंना ते देहूत दिसले. बालपणीचे लग्न, परागंदा झालेले माहेर, पतीचा क्रोध, हे उभे पीक होते. गुरूने ते पुसून टाकले नाही, आणि तसे वचनही दिले नाही. पण त्या पिकातून पुन्हा द्वेषाचे, भयाचे किंवा अभिमानाचे बी पडू द्यायचे की नाही, हे ठरविण्याची शक्ती त्यांना गुरुकृपेने लाभली. ज्याने मारले त्याची शुश्रूषा करताना त्यांनी हेच केले होते. त्याचा अर्थ मात्र त्यांना पुढे उमगला.

मग कणगीतल्या साठ्याचे काय? जन्मोजन्मीचे ते धान्य संपणार कसे? भाजलेले बी पेरले तरी उगवत नाही, असा दृष्टांत आपले जुने ग्रंथ देतात. मी करतो हा अहंकार ज्ञानाने जळाला की कर्म होत राहते, पण त्यातून नवा जन्म उगवत नाही. हीच मुक्ती. ती मिळविण्यासाठी बहिणाबाईंनी घर सोडले नाही. सडासंमार्जन, स्वयंपाक, मुलांचे संगोपन, पतीची सेवा ही कामे करीत असताना त्या मुक्तीचा शोध घेत होत्या. त्यांचे पतिव्रताधर्मावरचे अभंग वाचताना आजच्या वाचकाला काही ठिकाणी अडखळल्यासारखे होईल. त्यांनी पतीला फार मोठे स्थान दिले आहे. परंतु वेद-पुराणे स्त्रीला कल्याणाचा मार्ग मोकळा ठेवीत नाहीत, ह्याविषयीची व्यथाही त्याच लेखणीने स्पष्ट मांडली आहे. दोन्ही त्यांचीच मते. त्यांपैकी एकच उचलून त्यांना सनातनी किंवा बंडखोर ठरविणे बरोबर होणार नाही.

शूद्राला गुरू का केले, ह्या प्रश्नाचे उत्तर बहिणाबाईंनी आणखी एका मार्गाने दिले. वज्रसूची नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा त्याचा विषय. देह ब्राह्मण की जीव ब्राह्मण? जन्म, वर्ण, विद्या, कर्म ह्यांपैकी कशाने ब्राह्मण्य येते? एकेक पक्ष घ्यायचा आणि तर्काने खोडून काढायचा, अशी त्या ग्रंथाची रीत आहे. आणि ज्याने ब्रह्म जाणले तोच ब्राह्मण, हा त्याचा निष्कर्ष. बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत उतरविला. सतराव्या शतकात, भिक्षुकाच्या घरातल्या एका स्त्रीने, ज्यांच्या पंक्तीत ती वावरत होती त्यांच्याच अधिकाराच्या मुळाशी हात घालावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या कसोटीवर तुकोबा ब्राह्मण ठरतात त्या कसोटीवर मंबाजी कोठे बसतात, हे त्यांनी नाव घेऊन लिहिण्याची गरज नव्हती.

तुकोबांच्या निर्याणानंतरही बहिणाबाई पन्नास वर्षे जगल्या. उत्तरायुष्य त्यांनी पतीच्या गावी, शिऊरला काढले. त्या काळात शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहिले, औरंगजेब दक्षिणेत उतरला, मोठमोठ्या उलथापालथी झाल्या. बहिणाबाईंच्या अभंगांत ह्या धामधुमीपेक्षा मनातल्या घडामोडींनाच अधिक जागा आहे. स्वतःचे चरित्र पद्यात सांगणारी एवढ्या जुन्या काळातली स्त्री मराठीत विरळाच. जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन पंडिताने ह्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर 1929 साली प्रसिद्ध केले, आणि शिऊरच्या ह्या कवयित्रीचा परिचय परदेशातल्या अभ्यासकांना झाला.

1700 साली, बहात्तराव्या वर्षी, आपला अंत जवळ आल्याचे त्यांनी ओळखले. मुलगा विठोबा तेव्हा बाहेरगावी होता. त्याला त्यांनी पत्र पाठवून बोलावून घेतले. मायलेक समोरासमोर बसले. आईला मागचे जन्म आठवतात असे मुलाने ऐकले होते. त्याविषयी त्याने विचारले. बहिणाबाईंनी आपल्या 12 जन्मांची हकीकत एकामागून एक सांगितली. कोणत्या जन्मी कोणाच्या घरी आलो, कोणते व्रत अपुरे राहिले, कोणत्या संगतीने मन पालटले, हे सगळे त्यात आहे. घरातल्या वडील बाईने शेवटी किल्ल्या सोपविताना सामानाची यादी सांगावी, तशी ती हकीकत आहे. विश्वास ठेवणारा वाचक ती जशीच्या तशी घेईल. न ठेवणारालाही एक गोष्ट तीत आढळेल. तेरापैकी एकाही जन्माविषयी ह्या बाईंनी दुसऱ्या कोणाकडे दोष दिलेला नाही. हा आपला तेरावा जन्म आणि हाच शेवटचा, असे त्यांनी मुलाला सांगितले, आणि रडण्याचे कारण नाही अशी त्याची समजूत घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे.